निकाल परीक्षकांचा, जाब मात्र तिला

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी थायलंडमध्ये मिस युनिव्हर्स स्पर्धेचा निकाल लागला आणि मेक्सिकोची फातिमा बॉश विजेती ठरली. बातमी नीट पसरायच्या आतच 'सेटिंग', 'विकत घेतलेला मुकुट', 'आधीच ठरलेलं' असे आरोप जगभर सुरू झाले. कुणाच्या मते यजमान थायलंडची प्रवीणार सिंग सरस होती, कुणाच्या मते आयव्हरी कोस्टची ऑलिव्हिया यासे. पसंती वेगवेगळी असणारच, त्यात वावगं काही नाही. खटकलं ते पुढचं. निकाल देणाऱ्यांवर टीका झाली, नाही असं नाही, पण सगळ्यात जास्त मारा झाला तो पंचवीस वर्षांच्या फातिमावर. तिचं दिसणं, तिचं बोलणं, तिच्या वडिलांची नोकरी, कशालाही सोडलं नाही. तिच्या स्वतःच्या देशातले लोकही यात मागे नव्हते.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला हीच फातिमा लोकांच्या कौतुकाचा विषय होती. ४ नोव्हेंबरला एका कार्यक्रमात थायलंडमधले संयोजक नवात इत्सराग्रिसिल यांनी सगळ्यांदेखत तिला झापलं. तिने उलट उत्तर दिलं तेव्हा सुरक्षारक्षकांना बोलावलं. ती उठून चालू लागली आणि तिच्यामागे आदल्या वर्षीची विजेती, डेन्मार्कची व्हिक्टोरिया केअर थाइलविग हिच्यासह अनेक जणी बाहेर पडल्या. सगळा प्रकार थेट प्रक्षेपणात दिसला. नवात यांना नंतर माफी मागावी लागली. मानाने कसं वागावं हे या मुलीने दाखवून दिलं, असं तेव्हा लोक लिहीत होते. अडीच आठवड्यांनी तिला मुकुट मिळाला आणि ती एकदम लबाड ठरली. या मधल्या काळात तिने काय केलं? स्पर्धेत भाग घेतला, एवढंच.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सगळं याच जागी आहे. सौंदर्यस्पर्धेचा निकाल म्हणजे काही माणसांचं बंद दाराआड बनलेलं मत असतं. ते कसं बनलं हे संयोजक सांगत नाहीत. मग ज्या रागाचं उत्तर त्यांनी द्यायचं तो राग समोर दिसणाऱ्या मुलीवर निघतो, कारण तीच एक हाताशी असते. निकालाबद्दल शंका घ्यायचा हक्क लोकांना आहेच. त्या शंकेचा जाब मुलीला विचारायचा हक्क कुणालाही नाही.

२०२५ च्या निकालाबद्दल शंका घ्यायला कारणं भरपूर होती, हेही मान्य करायला हवं. अंतिम फेरीच्या काही दिवस आधी परीक्षक ओमर हारफूश यांनी राजीनामा दिला. अधिकृत परीक्षकांना बाजूला ठेवून दुसऱ्याच काही मंडळींनी पहिल्या तीस जणी आधीच निवडल्या, असा त्यांचा आरोप होता. संस्थेने तो फेटाळला. निकालानंतर यासेने आफ्रिका आणि ओशनियासाठी मिळालेला किताब परत केला. त्याच सुमारास संस्थेचे अध्यक्ष राउल रोचा यांनी यासेबद्दल बोलताना तिच्या देशाच्या पासपोर्टवर किती देशांचे व्हिसा काढावे लागतात, हा मुद्दा काढला. विजेतीला वर्षभर जगभर हिंडायचं असतं, त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीने या बोलण्याला काही अर्थ असेलही. पण रंगमंचावर उभ्या असलेल्या मुलीला आपला पासपोर्टही मोजला जातोय हे कुणी सांगितलं होतं का? प्रेक्षकांना सांगितलं होतं का? आणि मोजला जात नसेल, तर अध्यक्षांनी तो मध्ये आणला कशासाठी?

हे सारे प्रश्न संस्थेचे आहेत. यातल्या एकाचंही उत्तर फातिमाकडे नाही, यासेकडेही नाही.

असंच एकदा पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी घडलं होतं आणि ते प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे. २० नोव्हेंबर १९७० ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्डची अंतिम फेरी होती. त्या रात्रीची आठवण निघते ती बहुतेक वेळा स्त्रीमुक्तीवादी कार्यकर्त्यांनी केलेल्या निदर्शनांसाठी. पाहुणे सूत्रसंचालक, अमेरिकन विनोदवीर बॉब होप व्यासपीठावर असताना या कार्यकर्त्यांनी पिठाच्या पुड्या फेकल्या, शिट्ट्या वाजवल्या आणि होप यांना काही वेळ मंचावरून पळ काढावा लागला. 'आम्ही सुंदर नाही, आम्ही कुरूप नाही, आम्ही संतापलेल्या आहोत' ही त्यांची घोषणा होती. त्यांचा संताप बाईला तोलणाऱ्या काट्यावर होता, काट्यात बसलेल्या बाईवर नव्हता. त्यांनी हा फरक तेव्हा स्पष्ट केला होता. आजच्या टीकाकारांना तो इतका अवघड का जावा, ते मला कळत नाही.

त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टेन जिंकली. मिस वर्ल्डचा मुकुट मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसरी आली पर्ल जॅन्सन. दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी दोन मुली पाठवल्या होत्या, एक गोरी आणि एक काळी. वर्णभेदाच्या त्या राजवटीत देशाचं नाव गोऱ्या मुलीच्या पट्ट्यावर आलं आणि पर्लच्या पट्ट्यावर 'आफ्रिका साउथ' असं उलटं करून लिहिलं गेलं. अशा काळात पहिल्या दोन्ही जागा काळ्या मुलींना मिळाल्या. तक्रारींचा पूर आला. लोकांच्या मते जिंकायची ती स्वीडनची मुलगी. परीक्षकांमध्ये ग्रेनाडाचे प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, एरिक गेरी होते, म्हणजे संशयाला तयार खाद्य. नऊपैकी चार परीक्षकांनी स्वीडनला पहिलं स्थान दिलं होतं, ग्रेनाडाला फक्त दोघांनी, आणि तरीही स्वीडन चौथी आली, हे बाहेर आल्यावर तर आरडाओरडा आणखी वाढला. संयोजक ज्युलिया मोर्ली यांना राजीनामा द्यावा लागला.

मग ज्युलिया यांचे पती आणि स्पर्धेचे संस्थापक एरिक मोर्ली यांनी एक साधी गोष्ट केली. परीक्षकांची मतपत्रं पत्रकारांसमोर मांडली आणि पद्धत समजावून सांगितली. फक्त पहिल्या क्रमांकाची मतं मोजायची नव्हती, सगळ्या क्रमांकांची होती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जागी होस्टेनची नोंद इतरांपेक्षा जास्त वेळा होती, म्हणून ती पुढे गेली. कागद समोर आले आणि ज्युलिया मोर्ली पुन्हा कामावर रुजू झाल्या. मोजणीची ती पद्धत चांगली की वाईट, यावर वाद घालता येईल. सरकारप्रमुखांनी आपल्याच देशाची मुलगी असलेल्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे. पण कागद दिसल्यावर वाद पद्धतीचा झाला, परीक्षक निवडीचा झाला. तो होस्टेनच्या त्वचेचा राहिला नाही, निदान उघडपणे तरी नाही.

पुढे मिस युनिव्हर्सनेही काही काळ हा मार्ग धरला होता. १९८० आणि १९९० च्या दशकांतली प्रक्षेपणं ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल, एखादी मुलगी पायऱ्या उतरून चालत यायची आणि पडद्याच्या कोपऱ्यात परीक्षकांच्या गुणांची सरासरी उमटायची. स्विमसूट, गाऊन, मुलाखत, प्रत्येक फेरीचा आकडा वेगळा, दशांश चिन्हासकट. घरी बसलेला माणूससुद्धा वहीत बेरीज करत बसू शकत होता. आकड्यांनी सौंदर्य मोजता येतं, असं मी म्हणत नाही. माझ्या मते ते मोजता येतच नाही. पण मोजायचंच ठरवलं असेल तर निदान माप दिसायला हवं. नंतर ते आकडे पडद्यावरून गेले. आज तंत्रज्ञान कितीतरी पुढे गेलंय, प्रेक्षकांकडून ॲपवर मतं मागवली जातात, त्या मतांचे पैसेही घेतले जातात, आणि परीक्षकांनी कुणाला काय दिलं हे मात्र कळत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की गुण जाहीर केले तर परीक्षकांवर दबाव येईल, त्यांना धमक्या येतील. हा आक्षेप खोटा नाही. फिगर स्केटिंगमध्ये तो प्रत्यक्ष वापरूनही झाला आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत रशियन जोडीला सुवर्ण मिळालं, मग फ्रेंच परीक्षक बाईंवर दबाव होता हे उघड झालं आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. नवी पद्धत आली, तिच्यात प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला वेगळे गुण. दबाव नको म्हणून सुरुवातीला कोणते गुण कोणत्या परीक्षकाचे हे लपवलं गेलं. त्याने संशय कमी झाला नाही, वाढला. २०१६ मध्ये तो पडदाही काढला. आज कुठल्या परीक्षकाने कुठल्या उडीला काय दिलं हे कुणीही वाचू शकतं. स्केटिंगमध्येही लालित्य आहे, आवडनिवड आहे, देशाभिमान आहे. तिथे भांडणं आजही होतात, पण ती परीक्षकाच्या नावाने आणि त्याने दिलेल्या गुणांवरून होतात.

सौंदर्यस्पर्धांच्या संस्था असं का करत नाहीत? कारण संशय त्यांना परवडतो. निकालावर आठवडाभर गदारोळ झाला की स्पर्धेचं नाव आठवडाभर फिरतं. त्याची किंमत संस्था मोजत नाही, मुकुट घातलेली मुलगी मोजते.

मराठी वाचकाला यातलं एक उदाहरण तरी जवळचं वाटेल. १९९२ मध्ये बँकॉकला मिस युनिव्हर्स झाली, त्यात मधू सप्रे शेवटच्या तिघींमध्ये होती. ती मूळची खेळाडू. देशाची सूत्रं तुझ्या हाती आली तर काय करशील, अशा अर्थाचा प्रश्न तिला आला आणि तिने खेळाचं उत्तर दिलं: मोठं क्रीडांगण उभारीन, आमच्याकडे खेळाच्या सोयी कमी आहेत. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅकलीनला मिळाला, मधू तिसरी आली. त्यानंतर आपल्याकडे वर्षानुवर्षं एकच पालुपद चाललं: काय हे उत्तर, गरिबी हटवीन म्हणाली असती तर मुकुट आपला होता! तिने पुढे मुलाखतींत सांगितलं की गरिबी एका रात्रीत जाणार नाही हे तिला ठाऊक होतं, जे मनात होतं ते बोलले. मला त्या उत्तरात काही चुकीचं दिसत नाही. मैदानावर वाढलेल्या मुलीने मैदान मागितलं, आणि त्या काळातल्या खेळाडूंना मैदानांची काय वानवा होती हे विचारा. पण आपण मधूकडून खरं उत्तर मागत नव्हतो, जिंकणारं उत्तर मागत होतो. शिवाय मुकुट त्या उत्तरामुळेच गेला, हे आपण गृहीतच धरलं. परीक्षकांपैकी कुणी तसं सांगितलं होतं म्हणून नव्हे. आपणच तिच्यावर ठपका ठेवला आणि आपणच त्यावर शिक्कामोर्तब केलं.

दोनच वर्षांनी चित्र पालटलं. १९९४ च्या मे महिन्यात मनिलात सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली, नोव्हेंबरमध्ये सन सिटीत ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड. १९९७ मध्ये डायना हेडन, १९९९ मध्ये युक्ता मुखी, २००० मध्ये लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा. सात वर्षांत सहा मुकुट. तेव्हापासून एक सिद्धांत आपल्याकडे घट्ट रुजला आहे: १९९१ मध्ये भारताची बाजारपेठ खुली झाली, प्रसाधनांच्या कंपन्यांना गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून मुकुट भारतात आले. सुशिक्षित घरांत तो इतका सहज बोलला जातो की त्याला पुरावा लागतो हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

या सिद्धांतात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. या स्पर्धा व्यापारच आहेत. मिस युनिव्हर्सचा जन्मच १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात पोहण्याच्या कपड्यांच्या एका कंपनीच्या जाहिरातीसाठी झाला. बाजारपेठ कुठे आहे याचं भान संयोजकांना असतं, प्रायोजकांना तर असतंच. पण मग १९६६ चं काय? मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकणारी रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली तेव्हा भारताची बाजारपेठ कडेकोट बंद होती. आणि व्हेनेझुएलाचं काय? मिस युनिव्हर्सचे सात आणि मिस वर्ल्डचे सहा मुकुट त्या देशाकडे आहेत. त्यामागे मुलींना वर्षानुवर्षं घडवणारी तिथली तालमीची व्यवस्था आहे, आणि तिच्यावर वेगळी टीका करता येईल इतकी ती कठोर आहे. भारतातही १९९० नंतर मुलींच्या तयारीवर पैसा आणि वेळ खर्च होऊ लागला, चालण्या-बोलण्यापासून आहारापर्यंत शिकवणारी माणसं आली. बाजाराचा सिद्धांत हे सगळं पुसून टाकतो. सुश्मिताने मंचावर जे केलं ते तिने केलं नाही, कुठल्यातरी कंपनीने केलं, असा त्याचा अर्थ होतो. एखादा मुलगा परदेशातून पदक घेऊन आला तर त्याच्याबद्दल आपण इतक्या सहज असं बोलू का?

हा सिद्धांत पुढे कुठे जातो हे २०१८ मध्ये दिसलं. त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री बिप्लब देव यांनी एका कार्यक्रमात या स्पर्धांचे निकाल आधीच ठरलेले असतात, असं सांगितलं. इतकं बोलून ते थांबले असते तर ती व्यवस्थेवरची टीका झाली असती. पण ते थांबले नाहीत. ऐश्वर्या भारतीय स्त्रीचं प्रतिनिधित्व करते हे ठीक, पण डायना हेडनला मुकुट कसा मिळाला, तिचं सौंदर्य आपल्याला समजत नाही, असं ते बोलून गेले. एकवीस वर्षं जुन्या निकालासाठी एका राज्याच्या मुख्यमंत्र्याने एका स्त्रीला तिच्या चेहऱ्यावरून उभं-आडवं घेतलं. सावळ्या रंगावरून होणारी हेटाळणी आपण लहानपणापासून झेलत आलो आहोत, असं डायना तेव्हा म्हणाली. मुख्यमंत्र्यांनी पुढे दिलगिरी व्यक्त केली. बोलणं संयोजकांपासून सुरू होतं आणि बाईच्या कातडीपाशी येऊन ठेपतं. इतक्या प्रतिक्रिया वाचल्यावर मला हा प्रवास अपघाती वाटत नाही.

देशाचं नाव आलं की या प्रतिक्रियांना आणखी धार चढते. पट्ट्यावर देशाचं नाव लिहिलं की ती मुलगी लोकांना देशाची मालमत्ता वाटू लागते. जिंकली तर 'आपली', हरली तर 'हिला पाठवलंच कुणी', आणि नावगाव थोडं वेगळं असलं तर 'ही आपली नव्हेच'. २०२४ मध्ये चिडिम्मा अडेत्शिना मिस साउथ आफ्रिकाच्या अंतिम टप्प्यात पोहोचली. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, वडील नायजेरियन. तिचं नाव पाहून लोक तुटून पडले. एका मंत्र्याने जाहीरपणे तिच्या नागरिकत्वावर शंका घेतली. मग तिच्या आईच्या कागदपत्रांत बनवाबनवी झाली होती का, याची चौकशी सुरू झाली. ती कागदपत्रं झाली त्या वेळी ती तान्ही असल्याने या प्रकारात तिचा हात असूच शकत नाही, हे गृह खात्यानेच सांगितलं, तरी लोकांचा राग तिच्यावरच राहिला. स्वतःच्या आणि घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी तिने ऑगस्टमध्ये माघार घेतली. त्याच महिन्याअखेर ती नायजेरियाची विजेती झाली आणि नोव्हेंबरमध्ये मेक्सिको सिटीत मिस युनिव्हर्समध्ये दुसरी आली. तेव्हा तिला हाकलणाऱ्यांपैकीच काहींना ती 'आमची' वाटू लागली. एका मुलीने चार महिन्यांत किती देशांचा राग आणि किती देशांचा अभिमान अंगावर घ्यायचा, याला काही मर्यादा?

आपल्याकडची अलीकडची गोष्ट हरनाझ संधूची. डिसेंबर २०२१ मध्ये इस्रायलमधल्या ऐलातला ती मिस युनिव्हर्स झाली. भारताला हा मुकुट २१ वर्षांनी मिळाला. दुसऱ्यांशी तुलना करणं थांबवा, असं तिने शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात तरुणींना सांगितलं होतं आणि ते वाक्य देशभर वाखाणलं गेलं. काही महिन्यांत तिचं वजन वाढलं. एका फॅशन शोमधली तिची छायाचित्रं पसरली आणि ज्यांनी ते वाक्य वाखाणलं होतं त्यांच्यातलेच कितीतरी जण तिची तिच्याच जुन्या छायाचित्रांशी तुलना करू लागले. आपल्याला सीलिअॅकचा आजार आहे, गव्हाचं पीठ चालत नाही, असं तिला सांगावं लागलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे 'सांगावं लागणं'. आजार असो वा नसो, एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने आपलं वजन का वाढलं याचा खुलासा अनोळखी माणसांना का करायचा? मुकुट एका रात्रीच्या कामगिरीबद्दल मिळाला होता, शरीर जन्मभर त्याच मापात ठेवण्याच्या करारावर नव्हे.

मी या स्पर्धांचा चाहता नाही. एका मापाने बायकांना मोजायचं आणि त्याला सक्षमीकरण म्हणायचं, हे मला पटत नाही. मिस वर्ल्डने २०१४ मध्ये स्विमसूटची फेरी बंद केली, मिस युनिव्हर्सने विवाहित आणि मुलं असलेल्या स्त्रियांना प्रवेश दिला, मग वयाची वरची अटही काढली. हे बदल चांगले आहेत, पण त्याने मूळ गोष्ट बदलत नाही. म्हणूनच विरोध करणाऱ्यांकडून माझ्या अपेक्षा जास्त आहेत. १९९६ मध्ये बंगळुरूला मिस वर्ल्ड झाली तेव्हा डाव्या महिला संघटना, शेतकरी संघटना आणि संस्कृतीच्या नावाने बोलणारे पक्ष एकाच वेळी रस्त्यावर होते. पहिल्यांचा प्रश्न बाजाराचा आणि स्त्रीच्या वस्तूकरणाचा होता, शेवटच्यांचा प्रश्न बाईच्या अंगावर किती कपडे आहेत हा होता. गर्दीत दोन्ही आवाज एक झाले आणि दुसरा आवाज मोठा ठरला. स्विमसूटची फेरी सेशेल्सला हलवली गेली. मदुराईत एका तरुणाने निषेध म्हणून स्वतःला जाळून घेतलं. २००२ मध्ये नायजेरियात तर या स्पर्धेवरच्या एका वृत्तपत्री मजकुराचं निमित्त होऊन कडुना शहरात दंगल उसळली, दोनशेहून अधिक माणसं मेली आणि स्पर्धा लंडनला न्यावी लागली. विरोधाचं बोट संस्थेवरून सरकून बाईच्या अंगावर, तिच्या कपड्यांवर, तिच्या चारित्र्यावर आलं की तो विरोध कुणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही.

चूक संयोजकांची आणि शिव्या मुलींना, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे २० डिसेंबर २०१५ ची लास व्हेगासची रात्र. सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वी यांनी विजेती म्हणून कोलंबियाच्या आरियादना गुतिएरेसचं नाव घेतलं. तिला मुकुट घातला गेला, ती प्रेक्षकांना हात हलवत होती. काही मिनिटांनी हार्वी परत आले, चूक झाल्याचं सांगितलं आणि हातातलं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. ते कार्ड पुन्हा एकदा पाहा. डावीकडे उपविजेत्यांची नावं एकाखाली एक, आणि 'मिस युनिव्हर्स २०१५, फिलिपिन्स' ही ओळ उजवीकडे खाली, अंगठ्याखाली झाकली जाईल अशा जागी. ते कार्ड कुणीतरी आखलं होतं, कुणीतरी मंजूर केलं होतं. कोट्यवधी लोकांसमोर वाचायच्या कागदावर सगळ्यात महत्त्वाची ओळ कोपऱ्यात ढकलणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला आजही माहीत नाही. त्या रात्री खरी विजेती पिया वुर्ट्झबाखला मात्र पत्रकारांसमोर सांगावं लागलं, की मी तिचा मुकुट हिसकावलेला नाही.

म्हणून निकालावर रागावलेल्या लोकांना मी गप्प बसा म्हणणार नाही. रागवा, पण मागणी करा. प्रत्येक फेरीचे गुण परीक्षकाच्या नावासह जाहीर व्हावेत. परीक्षकांचे आणि मालकांचे स्पर्धकांशी, त्यांच्या घरच्यांशी, त्यांच्या प्रायोजकांशी काय संबंध आहेत ते स्पर्धेआधी सांगितलं जावं. पासपोर्ट, भाषा, प्रवासाची सोय हे निकष असतील तर ते नियमांत लिहिले जावेत. मुलींनी संयोजकांविरुद्ध तक्रार केली तर ती ऐकणारं कुणीतरी संयोजकांच्या बाहेरचं असावं. २०२५ च्या मे महिन्यात हैदराबादच्या मिस वर्ल्डमधून इंग्लंडची मिला मगी मधेच निघून गेली आणि तिने वागणुकीची तक्रार केली. संस्थेने तिचे आरोप नाकारले. खरं काय ते तपासणारी, संयोजक आणि यजमान या दोघांच्याही बाहेरची जागा नव्हती. त्यामुळे लोकांनी आपापल्या मनाने कौल दिला आणि तो दोन्हीकडून त्या मुलीबद्दलच होता.

ही मागणी करायला भारतीयांच्या हातात एक साधन आहे. १९९६ मध्ये बंगळुरू, २०२४ मध्ये मुंबई आणि २०२५ मध्ये हैदराबाद, असे मिस वर्ल्डचे तीन अंतिम सोहळे इथे झाले. हैदराबादला तर तेलंगण सरकार स्वतः यजमान होतं. पर्यटनवाढीसाठी स्पर्धकांना राज्यभर फिरवलं गेलं, आणि रामप्पा मंदिराजवळ स्थानिक बायकांकडून त्यांचे पाय धुवून घेतल्यावरून मोठा वादही झाला. जिथे राज्य सरकार यजमान असतं, तिथे करार होतो आणि त्या करारात अटी घालता येतात. पुढच्या वेळी एखादं राज्य अशी स्पर्धा बोलावेल तेव्हा त्या राज्याच्या आमदारांनी विधानसभेत आधी एवढंच विचारावं, की निकाल लागल्यावर चोवीस तासांच्या आत परीक्षकांच्या गुणपत्रिका जाहीर करण्याचं कलम करारात आहे की नाही. नसेल, तर जनतेचा पैसा तिथे कशासाठी जातो, याचं उत्तर सरकारने द्यावं.